अंगी लागणं

आईच्या दंडाला पट्टा मीच बांधते.
प्रयोगशाळेत अख्ख्या गावाचं रक्त मी काढते,
मग तिचंही.
ती खिडकीबाहेर बघते.
सुईची भीती तिला नाही,
माझा हात कापताना तिला बघायचा नसतो.

मार्तिनिकच्या उत्तरेला, ल लोरांच्या चढावर
ओझेली नावाची बाई
बारा वर्षं बादली घेऊन केळीच्या रांगांतून फिरली.
पांढरी भुकटी. दर बुंध्याला एक कप.
हातमोजे मुकादमाच्या खोलीत होते,
खोलीला कुलूप होतं.
दुपारी ती हात स्कर्टला पुसायची
आणि त्याच हातानं पाव मोडून मला भरवायची.

सोंडकिडे मेले.
केळी बोटीत चढून फ्रान्सला गेली, एक डाग नाही सालीवर.
भुकटी तेवढी राहिली.
तिला कुठे जायचंच नव्हतं.

आता पंचायतीच्या भिंतीवर नकाशा आहे.
आमचं परसू लाल.
कागदावर ओळीनं लिहून दिलंय:
अळकुड्या नकोत, रताळी नकोत, कोनफळ नको,
ओढ्यातले झिंगे नकोत,
मोकळी फिरणारी कोंबडी अंडं देते तेही नको.
जे मातीत वाढतं, माती उकरतं, मातीत लोळतं
ते ताटात नको.
झाडावरचं चालेल. नीरफणस चालेल.
आई म्हणाली, म्हणजे मी आता पाखरासारखं खायचं.

लियोंहून लुडोविकनं बरणी धाडली आहे.
माझा भाचा. हिरवी भुकटी, शेवाळाची.
रोज एक चमचा कोमट पाण्यात,
एकवीस दिवसांत शरीर धुतल्यासारखं होतं म्हणे.
आईनं झाकण उघडलं, वास घेतला,
आणि हसता हसता तिला खोकला आला.
"एका भुकटीनं घातलं ते दुसरी काढणार?
आणि ही पण कपानंच मोजायची?"
बरणीत आता शर्टाची बटणं आहेत.

डॉक्टर साधं बोलले.
औषध नाही. खाणं थांबवा.
बाहेरून येणं बंद झालं
की पाचसहा महिन्यांत रक्तातलं निम्मं होतं,
मग त्याच्या निम्मं.
मी घरी येऊन तिला समजावलं: बघ, शरीर विसरतं.
ती म्हणाली, आणि माती?
मी म्हटलं, कुणी शे-दोनशे वर्षं म्हणतं,
कुणी सहाशे.
ती चुलीवरचं भांडं उतरवत राहिली.

मग पथ्य सुरू झालं.
कोस्टारिकाचं कोनफळ, मेण चोपडलेलं,
दुकानातून, किलोच्या भावानं ऊर दडपावा असं.
नीरफणस उकडून, नीरफणस भाजून,
नीरफणस तळून, नीरफणस.
तुरीचे दाणे. समुद्रातले मासे, पण लांबच्या पाण्यातले,
कोळ्याला शपथ घालून.
एकदा मध्यरात्री दिवा लागला.
दारातून बघितलं तर
ती उकडलेल्या अळकुडीची साल काढत होती,
जाड, अगदी बोटभर जाड, सांगितल्यासारखी,
आणि उरलेला सुपारीएवढा गर
मीठ लावून खात होती.
मी दार लोटून घेतलं.

माती खाल्ली असं म्हणतात माणसाला,
चूक केली की.
आम्ही चूक न करता खाल्ली.
ज्यांनी केली त्यांना पोटात घाला म्हणतात,
न्यायालयातल्या फायली जुन्या झाल्या, जाऊ द्या म्हणतात.
पोटातच तर आहे.

सहा महिन्यांनी आकडा आला.
चार पूर्णांक दोनवरून दोन पूर्णांक सहा.
निम्मं झालं नव्हतं. मी अळकुडीबद्दल बोलले नाही.
तिनं कागद दोनदा वाचला, चष्मा काढला.
"लहानपणी तुझं काही अंगी लागायचं नाही,"
ती म्हणाली.
"काटकी होतीस. मी म्हणायची, खा गं, अजून एक घास,
अंगी लागू दे."
मी सुया आवरत होते.
"तुझं रक्त काढतं कोण?"
कुणी नाही, म्हटलं. अजून नाही.

तिनं खुर्ची माझ्याकडे सरकवली,
पट्टा उचलला,
आणि बाही वर करायला सांगितली,
जेवायला बस म्हणावं
त्याच आवाजात.